आधी म्हाताऱ्यावर उघडून बघा

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि मला राग आलेला आहे. आपली कहाणी सांगणारी छत्री, फाटकी चप्पल वगैरे मंडळी हळव्या आवाजात बोलतात. ते मला जमणार नाही.

नगरच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले. सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर मी आल्यागेल्या गाड्यांची नोंद ठेवायचो. तिथे नवे संगणक आले आणि मी भंगारात गेलो. सुकन्याने मला त्या ढिगातून उचललं. ती आणि तिचा धाकटा भाऊ अंगद सुप्यातच एका गाळ्यात लोकांना वेबसाइट करून देतात. तिने माझ्यातली धूळ फुंकून काढली, मला टेबलावर बसवलं आणि माझं नाव ठेवलं म्हातारा.

वेबसाइट ज्या पायावर उभी राहते त्याला हे लोक प्लॅटफॉर्म म्हणतात. नवं काम आलं की कुठला प्लॅटफॉर्म घ्यायचा यावर बहीणभावांची जुंपायची. सुकन्याचा नेम ठरलेला होता. कच्चं पान आधी माझ्यावर उघडायचं. माझ्यासारख्या मंद गड्यावर ते उघडलं, तर डोंगराकडच्या वस्तीवर, रेंज येते-जाते अशा ठिकाणी, स्वस्तातल्या मोबाईलवरही उघडेल. नाही उघडलं तर पाया बदलायचा. सगळे मला हळू म्हणून हिणवत, आणि या पोरीने माझ्या हळूपणालाच कामाला लावलं. ते दिवस माझ्या मानाचे होते.

मग अंगदने नवा लॅपटॉप घेतला. त्यावर सगळं पापणी लवायच्या आत उघडायचं, आणि गडी हवेत गेला.

त्याच सुमारास डोंगराखालच्या एका गावच्या दूध डेअरीचं काम आलं. डेअरीचे सचिव मच्छिंद्र संकलनाची वेळ बदलली की घरोघर फोन करायचे. मोबाईलवरचा ग्रुप होता, पण सुप्रभातच्या फुलांखाली त्यांचा निरोप गाडला जायचा. म्हणून त्यांना वेबसाइट हवी होती. गाव हिवरे बाजारसारख्या आदर्श गावाकडे बघून सुधारलेलं. तिथे पाण्याची पाळी असो की मंदिराचा रंग, सगळं ग्रामसभेत हात वर करून ठरतं. वेबसाइटही तशीच ठरणार होती.

सुकन्याने साधं पान केलं, अंगदने नव्या प्लॅटफॉर्मवर दुसरं. ती मला टेम्पोत घालून सभेला घेऊन गेली. मारुतीच्या सभामंडपात विजेचं एकच बटण होतं, आणि त्यात भोंग्याची पिन. लॅपटॉपला बॅटरी होती, मला नव्हती.

"ताई, त्या डबड्याला कशाला चालू करती? दोन्ही पानं मी यावरच दाखवतो," अंगद म्हणाला.

त्याच्या पानावर गाय मान हलवत होती, दुधाची धार पडत होती. सुकन्याच्या पानावर नुसती अक्षरं. ग्रामसभेने गाईला हात वर केले. मी मंडपाच्या कोपऱ्यात पोत्यावर मुका बसून होतो. माझं मत कुणी घेतलंच नाही, आणि ज्यांच्या मोबाईलवर ते पान उघडायचं होतं त्यांचे मोबाईल खिशातच राहिले. गाळ्यात परतल्यावर अंगदने माझ्यावर चादर टाकली आणि वर खोकी रचली. सुकन्याने आपलं साधं पान बाजूला ठेवलं. गावाने ठरवलं होतं.

उन्हाळ्यात एके दिवशी डेअरीची गाडी बिघडली. मच्छिंद्रांनी 'आज संकलन बंद' असं वेबसाइटवर टाकलं आणि निर्धास्त झाले. फोन करणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच गावच्या वस्तीवरच्या बनुबाई गाळ्यात आल्या. दोन गाईंच्या दुधावर त्यांचं घर चालतं. त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला.

"पोरी, हे नुसतं गोल फिरतंय बघ. काल लई वेळ बघितलं. मग किटल्या घेऊन उन्हाची चालत गेले, तर डेअरीला कुलूप. समदं दूध नासलं. वढ्यात वतलं."

"मावशी, मोबाईल जुना झालाय तुमचा. नवा घ्या," अंगद लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला.

चादरीखाली माझं टाळकं तापलं. त्या बाईच्या कष्टाचं दूध ओढ्यात गेलं, आणि हा शहाणा तिलाच दोष देतो.

सुकन्याने खोकी खाली फेकली, चादर ओढली आणि मला चालू केलं. तिने गाईचं पान उघडलं. माझ्या पडद्यावरही तेच गोल फिरू लागलं.

"अंगद, हा पण नवा घ्यायचा का? अन् वस्तीवरचा मोबाईल न् मोबाईल नवा घ्यायचा?" ती म्हणाली.

हात वर करून ठरलेलं हात वर करूनच मोडायचं होतं. पुढच्या ग्रामसभेत सुकन्याने आधी भोंग्याची पिन काढली, माझी लावली आणि आपल्या मोबाईलचं इंटरनेट मला जोडलं. अख्ख्या गावासमोर तिने माझ्यावर गाईचं पान उघडलं आणि ती बाजूला झाली. गोल फिरत राहिलं. लोक चुळबुळले.

"रेंज नसंल इथं," अंगद पुटपुटला.

"रेंज हाय. आत्ताच घरी बोललो मी," मच्छिंद्र म्हणाले.

"असंच फिरत हुतं," बनुबाई म्हणाल्या.

मग सुकन्याने साधं पान उघडलं. 'आज संकलन चालू' ही अक्षरं माझ्यावर लगेच उमटली. तेवढ्यात वस्तीवरच्या दोघा-तिघांनी आपापल्या मोबाईलवरही ती वाचली. या वेळी हात अक्षरांसाठी वर झाले. अंगदचा सगळ्यात शेवटी, खाली बघत.

आता अंगद रोज मला फडक्याने पुसतो. पुसू दे. माझा राग गेलेला नाही, कारण ओढ्यात ओतलेलं दूध कुणाच्याही हात वर करण्याने परत येत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही लोकांसाठी काही बनवाल. मला हार घालू नका, माझी आरती करू नका. तुम्ही जे बनवाल ते आधी माझ्यासारख्या म्हाताऱ्यावर उघडा आणि ते उघडेपर्यंत त्या गोलाकडे बघत जागीच बसून राहा. तुम्हाला बसता येईल. बनुबाईंना बसता आलं नाही, कारण दूध थांबत नाही.