कापडाच्या दुकानातली भिंत

बाजारपेठेत दोन रस्ते मिळतात, त्या कोपऱ्यावर ते कापडाचं दुकान होतं. आजोबांनी बांधताना इमारतीचा कोपराच तिरका छाटून तिथे दोन झडपांचं दार बसवलं होतं. गाड्यांना वळायला जागा झाली आणि दोन्ही रस्त्यांवरचं गिऱ्हाईक आत येऊ लागलं. दोन्ही अंगांना उंच खिडक्या. सकाळी एकीकडून ऊन यायचं, दुपारनंतर दुसरीकडून.

वडील गेले आणि भावाभावांचं बिनसलं. थोरला म्हणे धाकटा उधळ्या, धाकटा म्हणे थोरला हेकट. शेवटी वाटणी झाली. मागच्या बाजूपासून थेट दारापर्यंत भिंत उठली. एक झडप याची, एक त्याची. कापड थोरल्याकडे राहिलं. धाकट्यानं दोरे, बटणं, अस्तरं ठेवली.

लवकरच एक बाई तावातावानं थोरल्याकडे आली. "जांभळं म्हणून दिलंत, घरी जाऊन बघते तर तपकिरी! डोळ्यांत धूळ फेकता का?"

थोरला ओशाळला. दुपारनंतर त्याच्याकडे अंधारून यायचं, आणि दिव्याखाली रंग आणखीच फसवे दिसायचे. मग तो तागे घेऊन रस्त्यावर उभा राहू लागला. कापडावर धूळ बसायची, येणारेजाणारे हसायचे.

धाकट्याच्या बायकोला बघवेना. "दादा, असे उन्हात काय उभे राहता? आत या. आमच्याकडे उजेड आहे."

थोरला घुटमळला, पण गेला. धाकट्यानं मान वर केली नाही. खिडकीपाशी मांडलेली बटणं मात्र बाजूला सरकवली. गिऱ्हाइकानं कापड पसंत केलं आणि जुळता दोराही तिथंच घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा दोऱ्यांचा ट्रे घेऊन थोरल्याच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. सकाळचा अंधार त्याच्या बाजूला असायचा. थोरल्यानं तागे बाजूला सरकवले.

असे काही महिने गेले. मग एके दिवशी थोरल्यानं गवंडी बोलावला. धाकटा धावतच आला.

"आता आणखी काय बांधताय?"

"बांधत नाही, फोडतोय."

"सगळी भिंत?"

"सगळी पाडली तर उद्या परत भांडू. उजेडापुरती फोडतो."

धाकट्यानं हातानं भिंतीवर माप धरलं. मग गवंड्याला म्हणाला, "तागा आरपार जाईल एवढी काढ."

चुली वेगळ्याच राहिल्या. पण त्या झरोक्यातून हा रंग निळा की हिरवा, यावर दोघं दिवसभर हुज्जत घालत. गिऱ्हाइकं ताटकळत, पण निघून जात नसत.