दोन बोटांची फट

आईच्या खोलीला आवाज अडवणारं नवं दार बसवून झाल्यावर मिस्त्री आतून ते लावून घेऊन जोरात ओरडले. बाहेर तिला काहीच ऐकू आलं नाही. सुटकेनं तिचे डोळे भरून आले.

ती घरबसल्या विमा कंपनीचे फोन घ्यायची. आतल्या खोलीतून आई दिवसभर हाका मारायची, "अक्के, ए अक्के!" लेक तिला आता थोरली बहीण वाटायची. मागे कोणीतरी किंचाळतंय, अशा ग्राहकांच्या दोन तक्रारी आल्या होत्या. तिसरी आली की नोकरी गेली. आईची दम्याची औषधं आणि पंप त्याच नोकरीवर चालत.

"खिडकी का उघडत नाही?" मिस्त्रींनी विचारलं.

"आईनं एकदा बाहेर पाय टाकला होता. स्क्रू मारलेत. आतल्या बाथरूमचा पंखा आहे ना, हवा ओढायला?"

"ओढेल हो, पण आणेल कुठून? आजवर दाराखालच्या दोन बोटांच्या फटीतून यायची. तिथं आता रबर आहे. बरणीचं झाकण झालंय हे."

"मग?"

"दारावर नागमोडी पेटी बसवू, आतून जाड लोकरीचा नमदा लावून. हवा वळणं घेत जाते, आवाज वाटेतच दमतो. पण बनवायला दोन दिवस लागतील."

"माझी ड्युटी दहाला सुरू होते."

"मग सांगा आईंना दोन दिवस श्वास रोखायला," ते हसत म्हणाले. ती हसली नाही, तसे ते हत्यारं गोळा करायला लागले. "दर पंधरा मिनिटांनी उघडा हं."

दहाला तिनं आईला पलंगावर बसवलं. "आई, जरा दम धर. आलेच." दार लावलं.

किती दिवसांनी शांतता मिळाली होती! एकामागून एक सात फोन झाले. घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा अकरा वाजून गेले होते.

दार उघडेना. पंख्यानं ते आत ओढून धरलं होतं. चौकटीला पाय लावून तिनं हिसका दिला, तेव्हा ते सुटलं. आतून गटाराचा वास आला. दुसरीकडून मिळेना म्हणून पंखा मोरीतूनच हवा खेचत होता. आई जमिनीवर आडवी होती, गाल उंबऱ्याला टेकलेला, तोंड जुन्या फटीच्या जागी. ओठ काळसर पडले होते.

"अक्के," ती धापा टाकत पुटपुटली, "मी दम धरला गं. तू सांगितलंस ना."

तिनं आईला बाहेर ओढून घेतलं, पंप तोंडाशी धरला. मग गुडघ्यांवर बसून दाराखालचं रबर नखांनी उपटायला लागली. ते एका बाजूनं सुटलं, तेवढ्यात कानावरच्या हेडफोनमध्ये फोन वाजला. सवयीनं तिचा हात बटणावर गेला.

"हॅलो, मी कधीपासून थांबलोय!" ग्राहक कडाडला.

"अक्के! अक्के गं!" आईला आवाज फुटला होता.

"कोण ओरडतंय तिकडे? मी तक्रार करीन!"

"करा," ती म्हणाली. "पण जरा दम धरा. माझी आई श्वास घेतेय."

तिनं हेडफोन काढून उंबऱ्यावर ठेवला आणि रबराचं दुसरं टोक धरलं.