रोटाव्हेटरखालचा ओंडका

तीन दिवस आमचा अबोला होता. कारण काय, तर नणंदेसमोर मी म्हणाले, "तुमच्या भावाला हल्ली चष्म्याशिवाय नटसुद्धा दिसत नाही." झालं! स्वारी फुगून बसली. मग मीही कशाला नमतेय?

त्या सकाळी हे शेडमध्ये रोटाव्हेटरची, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडून माती भुसभुशीत करायच्या अवजाराची, झिजलेली पाती बदलायला लागले. ट्रॅक्टरच्या लिफ्टने रोटाव्हेटर वर उचलला, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली. खाली शिरणाऱ्याच्याच खिशात किल्ली, हा यांचा नियम. दुसरा नियम, खाली ओंडक्याचा टेकू लावल्याशिवाय शिरायचं नाही. मी समोरच मटार सोलत बसले होते. बोलायचं नव्हतं, पण बघायला काय जातंय?

हे उताणे पडून नट आवळत होते. मघाशी पात्याचं टोक मागच्या भिंतीच्या खालून चौथ्या विटेशी होतं, आता तिसऱ्या विटेशी दिसलं. मी खाली वाकून पाहिलं. ओंडका नव्हताच! तेलाच्या दाबावर चालणारी जुनी लिफ्ट, तेल सोडत होती, आणि ते धूड हळूहळू खाली येत होतं.

"अहो, बाहेर या! खाली येतंय ते!"

हे सरकले आणि अडकले. पात्याच्या वाकड्या टोकात खांद्याजवळ शर्ट गुंतला होता.

"फाडा तो शर्ट!"

"हात पोचत नाही गं." आवाज अगदी बारीक.

मी पाय धरून ओढलं. कापड फाटेना. जाड कापडाचाच घ्या, म्हणून दुकानात मीच हट्ट केला होता, मेलीने! किल्ली यांच्या मागच्या खिशात, अंगाखाली. आणि मिळाली असती तरी कुठला दांडा ओढायचा, हे मला कुठे ठाऊक? चुकीचा ओढला तर पातीच फिरायची.

ओंडका गेला कुठे? आणि एकदम आठवलं. काल कपडे वाळत घालताना दोरीला हात पुरेना, म्हणून मीच मागच्या दारी नेला होता.

धावले. कसा उचलला, कसा आणला, देव जाणे. रोटाव्हेटरच्या सांगाड्याखाली ढकलला. कर्रकन आवाज झाला आणि ते धूड थांबलं. पातं यांच्या छातीपासून दोन बोटांवर होतं.

घरातून कात्री आणली, शर्ट कापून यांना बाहेर ओढलं. दोघंही जमिनीवरच बसलो. मला रडू आवरेना, आणि रागही.

"ओंडका सापडत नव्हता तर विचारायचं तरी! मी समोर बसले होते ना?"

हे छाती चाचपत होते.

"विचारणार होतो," हे म्हणाले. "पण मग आधी मी बोललो असं झालं असतं."