लव्हाळवाडीची रेघ

लव्हाळवाडीची माणसं सून बघायला निघाली की आसपासच्या गावांत हसू फुटतं. बाकीचे लोक मुलीचं शिक्षण विचारतात, नोकरी विचारतात, पत्रिका काढतात. लव्हाळवाडीवाले पोह्यांची बशी हातात धरून मुलीच्या पायांकडे बघत बसतात आणि मनातल्या मनात तिला काट्यावर चढवतात. मुलगी हडकुळी असली तर सोनं. अंगानं जरा भरलेली असली, की 'घरी विचार करून कळवतो' म्हणून पिकअपमध्ये जाऊन बसतात.

त्याला कारण चिखल. डिंभ्याच्या धरणाचा फुगवटा जिथं येऊन थांबतो, तिथं काठावर ही पंचवीस-तीस घरं. मूळ गाव आणि नदीकाठची काळी जमीन पाण्यात गेली, माणसं वर सरकली आणि तिथंच चिकटली. पावसाळा संपला की पाणी दाराशी असतं. मग कालव्याला आवर्तनं सुटायला लागतात, पाणी हळूहळू मागं हटतं आणि मागं उरतो नुसता गाळ. लव्हाळा, पाणकणसं, बगळे आणि कुजका वास. पुण्याची मंडळी दुर्बिणी गळ्यात अडकवून येतात आणि 'काय शांतता आहे हो' म्हणतात. रात्रभर इथले बेडूक आणि डास ऐका, मग शांततेचं बोला, असं साळुबाईला त्यांना सांगावंसं वाटे.

साळुबाईला तसं सगळ्यांनाच काही ना काही सांगावंसं वाटे. वाडीत तिच्या जिभेच्या तडाख्यातून सुटलेलं माणूस नव्हतं. नवरा कुशाबा हा तर तिच्या मते 'हां' म्हणण्यापुरताच जन्माला आलेला. मुलगा समर्थ चाकणला कंपनीत होता, पण घरी आला की बापाचाच 'हां' पुढं चालवायचा.

तर हा गाळ. पाणी ओसरलं की त्यात भुईमूग टाकायचा, काकडी लावायची. याला गाळपेर म्हणतात. खत नको, पाणी नको, आतल्या ओलीवरच पीक येतं. पोटापुरती बाजरी वरच्या रानात व्हायची, गाळातला पैसा वरकड. जमीन सरकारची असली तरी वाडीनं आपापसांत पट्टे वाटून घेतले होते. ज्याची जुनी जमीन जिथं बुडाली, तिथं त्याचा पट्टा. काठाजवळ दादाभाऊ, त्याच्या आत गेणभाऊ, असं करत करत सगळ्यांत खाली, पाण्याच्या तोंडाशी साळुबाई. कारण तिच्या सासऱ्याची जमीन नदीला लागून होती, एके काळी सगळ्यांत चांगली.

पण गाळात जायचं तरी कुठवर? वरून सगळा सारखाच दिसतो. एके ठिकाणी घोटाभर, पुढच्या पावलाला कंबरभर. म्हणून वाडीनं रीत घातली होती. त्या वर्षीच्या नव्या सुनेनं हातात काठी घेऊन पहिल्यांदा गाळात उतरायचं. तिच्या आधी कुणीही पाय घालायचा नाही. गुडघ्याएवढी रुतली, की तिथं तिनं आपल्या हातानं काठी रोवायची आणि सासूनं काठीला कुंकू लावायचं. ती झाली रेघ. रेघेच्या अलीकडं पेरायचं, पलीकडं साती आसरांचं, पाण्यातल्या देवींचं राज्य. एकदा कुंकू लागलं, की पुढची सून येईपर्यंत काठीला कुणी हात लावायचा नाही. एखाद्या वर्षी लग्नच झालं नाही, तर जुनीच रेघ चालायची.

दादाभाऊ ही रीत अशी सांगायचा, जणू पांडवांनीच जाता जाता घालून दिली. तो वाडीचा कारभारी. पाहुण्यांसमोर डोळे मिटून 'वाडवडलांपासनं' म्हणायचा. आता धरणच मुळात काल-परवाचं. वाडवडील गेले तेव्हा इथं गाळ नव्हता, नदी होती. ही रीत कुठून आली हे साळुबाईला पक्कं माहीत होतं, कारण ती पहिली सून तीच. पाणी पहिल्यांदा ओसरलं त्या वर्षी तिची शेळी सुटून गाळात पळाली आणि ती शेळीमागं धावली. गुडघाभर रुतली तिथं हातातली काठी टाकून तिनं शेळीचे पाय धरले. लोकांनी त्या काठीपर्यंत पेरलं आणि भुईमूग असा आला की पोती कमी पडली. शेळी पुढं विकली गेली आणि वाडीला देव मिळाला.

तरी साळुबाई गप्प राहायची, कारण रीत तिला हवी होती. गेली कित्येक वर्षं रेघ तिच्या पट्ट्यापर्यंत पोचलीच नव्हती. कुणाची सून अंगानं दांडगी, कुणाची भित्री. मागच्या वर्षी दादाभाऊची थोरली सून हर्षाली उतरली आणि नेमकी दादाभाऊचा पट्टा संपतो तिथंच 'रुतले, रुतले' म्हणून ओरडली. चिखल तिच्या पैंजणालासुद्धा लागला नव्हता. सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. गाळात जो पहिला, त्याचाच भुईमूग बाजारात पहिला, आणि दुसऱ्याचा नसला तर आणखी बरं. दादाभाऊचं देवधर्माचं गणित एवढंच.

साळुबाईला एकदा, एकदाच, आपला तो खालचा पट्टा हिरवा बघायचा होता. तिथंच खाली सासऱ्याचं शेत होतं, तिथंच ती नवी नवरी असताना गवत कापायची. आता गुडघे दुखायला लागले होते. अजून चार वर्षांनी पट्टा मिळाला तरी उतरणार कोण? म्हणून समर्थसाठी मुलगी शोधताना तिनं कंबर कसली.

वर पठारावरच्या आणे गावात तिला अश्विनी सापडली. बघण्याच्या दिवशी पाहुणे येणार म्हणून अंगण ताजं सारवलेलं. साळुबाईनं मुलीला मुद्दाम पाणी आणायला त्या ओल्या अंगणातून पाठवलं आणि मागून वाकून तिची पावलं बघितली. उमटली नव्हती म्हटलं तरी चालेल. मुलीच्या बापाला वाटलं, बाई पायगुण बघतेय. तो हात जोडून म्हणाला, "लक्ष्मीची पावलं हायती, आत्याबाई." साळुबाई म्हणाली, "लक्ष्मीचं ऱ्हाऊ द्या, हलकी हायती न्हवं?" आणि तिथंच सुपारी फोडली.

मुलगी बारावी झालेली, नर्सिंग करायचं मनात असलेली. चिखल तिनं बघितला होता तो टँकरच्या नळाखाली, तेवढाच.

माघात पाणी हटलं. दादाभाऊनं दिवस धरला. घोडेगावच्या पारस शेठकडनं बियाणं आधीच येऊन पडलं होतं. सगळी वाडी काठावर गोळा झाली, हलगी वाजली, पोरांनी मोबाइल वर धरले. अश्विनी हिरव्या साडीत, काष्टा मारून, हातात काठी घेऊन उभी राहिली.

"घाबरू नगं," साळुबाई तिच्या कानात म्हणाली. "गुडघ्यापत्तोर आलं की थांबायचं. पर लगीच येणार न्हाई. तू हलकी हायस."

"आणि आलं तर, आत्या?"

"म्या हाय की."

अश्विनी उतरली. घोटाभर चिखलातून तुरुतुरु चालत तिनं दादाभाऊचा पट्टा मागं टाकला, तसा दादाभाऊचा चेहरा पडला. गेणभाऊचा पट्टा आला तसा गेणभाऊ टाळ्या पिटायला लागला. प्रत्येक जण आपला पट्टा येईपर्यंत श्वास धरायचा आणि आला की नाचायचा. एवढी माणसं त्या पोरीच्या पायांकडे बघत होती, पण तिच्या तोंडाकडे बघणारं तिथं कुणी नव्हतं.

साळुबाईचा पट्टा थोडक्यावर राहिला आणि अश्विनी थांबली. चिखल गुडघ्याला लागला होता. तिनं काठी उचलली.

साळुबाई काठाच्या पार टोकाला धावली. आजवरची सगळी वर्षं त्या उचललेल्या काठीवर येऊन बसली. "रोवू नगं!" ती काठावरून किंचाळली. "आणखी चाल! पुढं चाल!"

अश्विनीनं वळून बघितलं. मग काठी खाली घेतली आणि पाऊल टाकलं. साळुबाईच्या पट्ट्यात पाय पडला आणि ती मांडीपर्यंत गेली. पाय काढायला गेली आणि कमरेपर्यंत गेली. काठी आडवी धरून ती तशीच राहिली.

हलगी थांबली. आता लव्हाळवाडीनं काय केलं ते ऐका. काठावर दोरखंड होता, ट्रॅक्टर होता, मासेमारीच्या ट्यूबा होत्या, धडधाकट वीस बाप्ये होते. एकानंही पाय पुढं टाकला नाही. कारण काठी अजून रोवली नव्हती, आणि काठीच्या आधी दुसऱ्याचा पाय पडला तर रेघ बाटते. दादाभाऊ दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडला, "पोरी, आधी काठी रोव! काठी रोव, मग काढतो तुला!" समर्थनं एका पायातला बूट काढला आणि दुसऱ्याचं काय करावं हे न कळून तसाच उभा राहिला. मोबाइल मात्र कुणाचा खाली आला नाही.

साळुबाईनं त्या सगळ्यांवर एक नजर टाकली. थुंकायलाही वेळ नव्हता. कोपऱ्यावरच्या गोठ्याची बांबूची ताटी तिनं हिसडून काढली, गाळावर टाकली आणि तिच्यावर पोटावर पडून सरपटत निघाली. मागून दादाभाऊ "रीत मोडली, रीत मोडली" करत होता. ती ताटी ढकलायची, तिच्यावर सरकायची, पुन्हा ढकलायची. नाकातोंडात चिखल गेला. पोरीपाशी पोचली तेव्हा अश्विनीचे ओठ पांढरे झाले होते.

तिनं साळुबाईच्या डोळ्यांत बघून विचारलं, "आत्या, आणखी पुढं जाऊ का?"

लाजेनं साळुबाईचं अंग अंग पेटलं. तिनं पोरीच्या काखेत हात घातले आणि ओढत राहिली. बऱ्याच वेळानं गाळानं पोरीला सोडलं. दोघी ताटीवरून सरपटत काठाला आल्या.

काठावर आनंदीआनंद होता. दादाभाऊनं तेवढ्यात बेरीज-वजाबाकी करून टाकली होती. सून जिथवर गेली तिथवर रेघ, म्हणजे सगळ्यांचेच पट्टे आले, आणि रीत बिघडल्याचं पाप मोठ्या मनानं माफ. "साळे, तुझाबी पट्टा आला की गं!" तो म्हणाला. "आता ताटीवरनं जाऊन काठी तिथं रोवायची. पर तिनंच. काठी सुनंच्याच हातानं रोवायची."

अश्विनी उभी राहिली. कमरेपर्यंत काळी, वर हिरवी. "म्हंजे मी रोवीन तिथं रेघ?" तिनं विचारलं.

"तर! तुझाच मान."

"मग कुणी हलवायची न्हाई?"

"पुढची सून येईस्तवर देवबी हलवत न्हाई."

अश्विनीनं मान डोलावली. मग ती गाळाकडे पाठ करून चालायला लागली. हलगीवाल्याच्या पुढून, मोबाइलवाल्यांच्या मधून, बियाण्यांच्या पोत्यांना वळसा घालून, वर कोरड्या मुरमापर्यंत गेली. तिथं दगडानं ठोकून तिनं काठी रोवली. आता समोरचा सगळा गाळ, दादाभाऊच्या पट्ट्यापासून साळुबाईच्या पट्ट्यापर्यंत, रेघेच्या पलीकडं.

सगळे आधी हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं.

"आवं, ही चेष्टा हाय का?" गेणभाऊ ओरडला. दादाभाऊ साळुबाईकडे वळला. "साळे, कुंकू लावू नगंस. कुंकू न्हाई तवर रेघ न्हाई. सुनंला समजाव, पुन्यांदा रोवू दे."

हळदीकुंकवाचं ताट कुशाबाच्या हातात होतं. साळुबाईनं ते घेतलं आणि एकदा खाली बघितलं. तिच्या पट्ट्यावर ऊन पडलं होतं, दोन बगळे फिरत होते. तो पट्टा आज हातात आलेला होता. दुसऱ्यांदा काठी रोवायला सांगायचं, एवढंच. मघाशी सासूचा शब्द पोरीनं मोडला नव्हता, कदाचित आताही मोडला नसता. साळुबाईचा जीव तुटत होता आणि ते तिनं कुणापासून लपवलं नाही. डोळ्यांतलं पाणी चिखलातून वाट काढत हनुवटीपर्यंत आलं.

"कुशाबा, आवर तिला!" दादाभाऊ म्हणाला.

"हां," कुशाबा म्हणाला आणि जागचा हलला नाही.

साळुबाई मुरमापर्यंत गेली, चिखलाच्याच बोटानं कुंकू उचललं आणि काठीला चांगलं लांब ओढलं.

"वाडीच्या तोंडची भाकर काढलीस, भवाने!"

"भाकर न्हाई, दादाभाऊ, काकडी," साळुबाई म्हणाली. "भाकर तुज्या वरच्या रानात हाय, सगळ्यांना ठावं हाय."

"आन ही काठी कवा निघायची?"

"पुढची सून आली की. रीत तुमचीच हाय. आणा की सून."

सगळ्यांनी वाडीतल्या बिनलग्नाच्या पोरांकडे बघितलं. पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून होती. पडद्यावर अश्विनी कमरेपर्यंत रुतलेली दिसत होती आणि दादाभाऊचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता, 'काठी रोव, मग काढतो तुला.' तो व्हिडिओ एव्हाना आण्याला पोचला होता, पिंपरी पेंढारला पोचला होता, जिथं जिथं लग्नाच्या मुली होत्या तिथं सगळीकडं पोचला होता. पाठवला होता संपतनं. संपत म्हणजे दादाभाऊचा धाकटा, चार वर्षं झाली, मुलगी बघतोय.