मधली म्हैस

आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नाही. तोंडावर पदर आणि पदराआड तोंडाला कुलूप. पण घर चालवायचं तर बोलावं लागतंच की! मग मी म्हशीशी बोलायचे. दूध काढता काढता म्हणायचे, "भगरी, सरकी संपली गं बाई. कुणाला काही पडलीय का?" बापा पलीकडे खाटेवर बसून भगरीलाच उत्तर द्यायचे, "भगरी, सांग त्या गीरवालीला, उद्या येईल राणावावहून. एक दिवस नुसतं गवत खाऊन कुणी मरत नाही." लेकी बोले सुने लागे म्हणतात ना? आमच्या घरात म्हशी बोले सुने लागे. भगरीच्या आधी तिची आई होती मध्ये. भांडणंसुद्धा आम्ही म्हशीमार्फतच केली, आणि कडाक्याची केली.

बापा म्हणजे माझे सासरे, नागदान. मी वालबाई. नवरा हरसूर, मोटारसायकलला कॅन अडकवून रोज खाली दूध घालायला जायचा. आम्ही चारण, म्हशींवर जगणारी माणसं. बरड्याच्या डोंगरात आमचा नेस होता, म्हणजे कुडाच्या थोड्या झोपड्या आणि त्यांना मिळून एक काट्यांचं कुंपण.

कुंपण कसलं, कर्माचं! मी गीरची. आमच्याकडे कुंपण माणसाच्या डोक्यावरून जातं, कारण पलीकडे सिंह असतो. लग्न होऊन आले त्या संध्याकाळी मी विचारलं, "कुंपण कुठंय?" बायका फिदीफिदी हसल्या. "हे काय समोर!" गुडघ्याएवढं. मी म्हटलं, "अगं, शेळीसुद्धा उडी मारून जाईल." त्या म्हणाल्या, "जाईल की. आणि येईल परत." बापांनी त्याच दिवशी म्हशीपाशी पहिला टोमणा मारला, "ऐकलंस का, नवी सून सिंह शोधतेय. तिला म्हणावं, इथला शेवटचा सिंह माझ्या आजाच्या आजानं पाहिला."

आणि बरड्याच्या म्हशी! सकाळी सोडल्या की एक या टेकाडावर, दुसरी त्या ओढ्यात. गुराखी नाही की काही नाही. संध्याकाळी आचळं भरली की बाईसाहेब आपापल्या पायांनी घरी. म्हशी कसल्या, सरकारी पाहुण्याच त्या. गीरमध्ये अशी चरणारी म्हैस दुसरा दिवस बघत नाही.

मग तो आला. गीरमध्ये दाटी झाली असणार. शेतं ओलांडत, रस्ते ओलांडत, समुद्राच्या काठाकाठानं आला म्हणतात. तळ्याच्या चिखलात पंजा उमटलेला दिसला आणि सगळा नेस धावला. सिंह म्हणजे आईचं वाहन, देवीचं. बापांनी पंजाभोवती दगड मांडले, नारळ फोडला, दिवा लावला. डोळ्यांतून पाणी काढलं म्हाताऱ्यानं. "धनी घरी आला," म्हणाले. मला राहवलं नाही. मी भगरीला म्हटलं, "भगरी, पाहुण्याला दिवा लावलाय, छान झालं. आता जेवायला काय वाढणार तेपण विचार."

बापांनी दिव्यात आणखी तूप ओतलं.

जेवायला काय वाढलं ते सगळ्यांनी पाहिलंच. आधी शेजारच्या मेरामणची दुभती म्हैस गेली. मग आणखी. त्याच्यामागून सिंहीण आली, म्हशी एकेकट्या फिरतच होत्या, सिंहांना काय, ताट वाढलेलं. एका पावसाळ्यात भगरीही गेली. ओढ्यात तिची घंटा तेवढी सापडली. मी त्या जनावराला शिव्या देत नाही. त्याला वाटलं असेल हे जंगलच आहे. त्यालाही कुठं जागा राहिलेली नाही. आम्हा दोघांना एकाच डोंगरावर रेटलं आणि वर जंगलखात्याचे साहेबलोक येऊन गोड गोड सांगतात, जमवून घ्या. आणि नाही जमलं, तर खाली रस्त्याकडेला घरं देतो, चला. सिंहाला मात्र कुणी चला म्हणत नाही.

एकेक झोपडी रिकामी झाली. शेवटी मेरामणनंही बिऱ्हाड ट्रॅक्टरवर घातलं. जाताना बापांच्या पाया पडला. बापांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या दिवशी हरसूरनं तोंड उघडलं. माझा नवरा गरीब स्वभावाचा, पण बोलला की सरळ बोलतो. "बापा, पुरे झालं. कुणासाठी राहायचं इथं? आज म्हशी खातो, उद्या वालला उचलेल."

बापांनी दावणीवरून एक फेरी मारली. मग म्हणाले, "शब्द देतो. माझ्या दावणीची आणखी एक जरी गेली, तर सगळ्या विकून तुझ्याबरोबर खाली येईन. पण तोवर पुन्हा विषय काढायचा नाही."

चारणाचा शब्द आहे तो. आमच्या वाडवडलांनी शब्दापायी स्वतःच्या माना कापून घेतल्यात. हरसूर जे समजायचं ते समजला. मीही समजले, आज ना उद्या एक जाणारच होती. मला खाली जायचं नव्हतं. म्हशीवाचून म्हातारा जगणार नाही हे मला दिसत होतं. आणि माझं काय? मी तरी दुसरं काय शिकलेय आयुष्यात?

रात्रभर विचार केला. सकाळी रातड नावाच्या म्हशीला पाणी पाजताना मी बोलले. "रातड, तुम्हाला अक्कल नाही हा तुमचा दोष नाही. उभं कसं राहायचं तेच तुम्ही विसरलात. माझ्या माहेरी जनावर आलं की म्हशी पळत नाहीत. पाठीला पाठ लावतात, पारडी मधे घेतात, शिंगं बाहेर काढतात. सिंह चार फेऱ्या मारतो आणि आपल्या वाटेनं निघून जातो. पण ते शिकवायला आधी एक म्हैस उभी राहावी लागते. माझ्या भावाकडे आहे तशी."

बापांनी चहाची बशी खाली ठेवली. "रातड, विचार तिला, भाऊ देईल?"

"रातड, सांग. बहिणीला नाही म्हणायला त्याला अजून तोंड फुटलेलं नाही."

कुंढी अशी आली. देवसूर, माझा भाऊ, स्वतः टेम्पोत बसून घेऊन आला. काळीभोर, शिंगांची दोन वेटोळी, मानेवर सिंहाच्या नखांचा जुना वण. उतरली आणि तिनं आमच्या गुडघाभर कुंपणाकडे असं पाहिलं, की मला लग्नाचा दिवस आठवून हसूच फुटलं. निघताना देवसूर म्हणाला, "म्हशी शिकतात गं वाल. पण बघून शिकतात. बघायला थांबल्या तर."

भगरीची घंटा आम्ही कुंढीच्या गळ्यात बांधली. तेव्हापासून मधे ती.

ते दिवस चांगले गेले. आम्ही कुंपण डोक्याएवढं उंच केलं. मी आणि बापा काठ्या घेऊन कळपाबरोबर जायचो, मी पदर घेऊन मागे, ते पुढे. कुंढीनं रातडला दोन धडका दिल्या, बाकीच्यांना एकेक, आणि सगळ्यांना कळलं की आता बाईसाहेबगिरी बंद. तिच्या घंटेमागे चरायला लागल्या. एकदा तर बापांनी कमालच केली. काळी घोंगडी पांघरून हातापायांवर गवतातून रांगत आले, गुरगुरत. म्हशींना सिंह शिकवायला! कुंढीनं एकदा फुरफुर केलं, मग ओळखलं. रातड पुढे झाली आणि तिनं म्हाताऱ्याचं टक्कल चाटून काढलं. मी पदरात तोंड खुपसून हसत होते. बापा घोंगडीतून ओरडले, "कुंढी, तिला सांग दात दाखवू नकोस! सिंहाला कुणी हसतं का?"

पण एक दिवस खालच्या गावची कुत्री पारडांच्या मागे लागली. कुंढी गर्रकन वळली, मान खाली घातली. आणि रातड थांबली. तिच्यामागे आणखी दोघी थांबल्या. वाकडीतिकडी का होईना, एक रांग झाली. कुत्री शेपट्या पायांत घालून पळाली. संध्याकाळी बापांनी कुंढीला स्वतःच्या हातानं गुळाचा खडा चारला. "कुंढी, गीरवालीला सांग. मी तिला पहिल्या दिवसापासून हसलो. तेव्हा माझी अक्कल गवत खायला गेली होती." मी दूध काढत राहिले, पण माझे डोळे भरून आले.

आणि मग तो दिवस. पाऊस संपला होता, गवत कमरेएवढं. दुपारी तळ्याकडे उतरत होतो. कुंढी थांबली. मी काहीच पाहिलं नव्हतं, तिनं वास घेतला होता. रातडचं पारडू पुढे पळालं होतं, ते कुंढीनं शिंगानं मागे लोटलं आणि त्याच्यासमोर आडवी उभी राहिली. तेव्हा मला गवतात सिंहिणीचं डोकं दिसलं.

मी ओरडले, "उभ्या राहा! रातड, उभी राहा!" बापा एकेकीच्या नावानं हाका मारत होते. आणि म्हशी पळाल्या. सगळ्या. रातड पहिली, तिचं पारडू तिच्या मागे. पाच पिढ्या जे पाय सिंह विसरले होते, ते कुत्र्यांवर थोडेच शिकणार होते?

कुंढी उभी होती. तिनं एकदा मान वळवून मागे पाहिलं, डावीकडे, मग उजवीकडे. गीरमध्ये अशा वेळी दोन्ही कुशींना दुसऱ्या म्हशींचं अंग लागतं. ते नव्हतं. तेव्हासुद्धा तिला पळता आलं असतं. पण तिला ते येतच नव्हतं. समोरच्या सिंहिणीला तिनं दोनदा मागे रेटलं. सिंह पाठीमागून आला. तिथं कुणी असायला हवं होतं.

बापा काठी उगारून धावले. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि सोडली नाही. सासऱ्याला शिवले मी त्या दिवशी. ते मला ढकलत होते, शिव्या देत होते, आणि घंटा वाजत होती. मग वाजायची थांबली.

संध्याकाळी कळप आपापल्या पायांनी घरी आला. पारडांसकट. एकीलाही ओरखडा नाही. रातडनं तर रोजच्यापेक्षा जास्त दूध दिलं, मेलीनं.

हरसूर आला, कुंढीचा रिकामा खुंटा पाहिला आणि कॅन खाली ठेवले. बोलायची गरजच नव्हती, शब्द दिलेला होताच. बापा खाटेवर पाठमोरे होते. मी रातडच्या पाठीवर हात ठेवला. "रातड, ऐक. शब्द काय दिला होता? माझ्या दावणीची गेली तर. कुंढी या दावणीची नव्हती. ती माझ्या भावाची, गीरची. ती या घरची मोजायचीच नाही. सांग त्यांना."

बापा हलले नाहीत. मी पुन्हा म्हटलं, "सांग ना गं, ती बाहेरची होती!"

तेव्हा ते उठले. रातडला बाजूला सारलं आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"वालबाई," ते म्हणाले. माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "ती बाहेरची होती? पळाल्या त्या घरच्या, आणि उभी राहिली ती बाहेरची? मग तुला मी काय म्हणू, पोरी?"

पदर कधी घसरला ते मला कळलं नाही.

"आपलीच गेली ती," ते म्हणाले. "भांडी बांध."

आता आम्ही रस्त्याकडेच्या खोलीत राहतो. म्हशी पाच घरी पाच विकल्या. आता मधे कुणी नाही, त्यामुळे बापा माझ्याशी सरळ बोलतात. "चहा दे." "दिवा घालव." एवढंच. भगरीशी आणि कुंढीशी जे बोलायचे, ते माझ्याशी बोलत नाहीत. मलाही सुचत नाही. परवा दुधाची पिशवी कापत होते आणि सवयीनं तोंडून निघून गेलं, "ऐकलंस का गं, दूध पातळ आहे म्हणावं." बापांनी चटकन मान वर केली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग पुन्हा रस्त्यावरचे ट्रक बघत बसले.