शेवटच्या उपासनेची बातमी

चर्च कायमचं बंद होणार होतं आणि ती बातमी वार्ताहरानं स्वतःहून मागून घेतली होती. त्याचे वडील पाळक होते. त्यानं मात्र मिसरूड फुटताच देवाला रामराम ठोकला होता. 'ओसरता धर्म' हा मथळा त्यानं निघण्याआधीच ठरवला होता.

अंदाज चुकला नाही. ओस बाकं, पुढे मूठभर म्हातारी माणसं. शेवटची उपासना आटोपून वृद्ध पाळकांनी वेदीवरचं कापड घडी करून खोक्यात ठेवलं.

"संपलं म्हणायचं का?" त्यानं विचारलं.

"इथलं संपलं. मागच्या गल्लीतल्या गॅरेजात डोकावून या."

गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. आत ग्रीसचा वास, टायरांवर बसलेली तरुण मंडळी, कडेवर बाळं घेतलेल्या बाया. कुणीतरी मोठ्यानं प्रार्थना करत होतं. आवाज ओळखीचा वाटला आणि तो शटरखालून वाकून आत गेला. त्याची मुलगी! रविवारी ती मैत्रिणीकडे अभ्यासाला जायची ना?

त्याला पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण प्रार्थना तिनं पुरी केली.

गाडीत तो भडकला. "कधीपासून थापा मारतेयस?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"प्रार्थना चुकली की माझा बाप मला उपाशी झोपवायचा. तुझ्या वाट्याला ते येऊ नये म्हणून जिवाचं रान केलं मी!"

"मला कुणी ढकललं नाही, बाबा. माझ्या पायांनी गेले." ती जरा थांबली. "पुढच्या रविवारी नदीवर माझा बाप्तिस्मा आहे. आईला माहीत आहे."

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजत राहिले. तो जागचा हलला नाही.

संध्याकाळी संपादिकेनं बातमी वाचली. "धर्म ओसरतोय की नाही? काय ते एक सांग."

"चर्चला कुलूप लागलं, हे खरं. गॅरेज भरलं होतं, हेही खरं. त्यापुढचं मला कळत नाही." मथळा त्यानं स्वतःच खोडला.

रात्री घरी ताटावरून उठता उठता तो मुलीला म्हणाला, "मी गाणार नाही. हात जोडणार नाही. फक्त सोडायला येईन."

रविवारी तो लांब, गाडीला टेकून उभा राहिला. पाळकांनी तिला पाण्याखाली नेलं. ती वर आली, तेव्हा तो बुटांसकट काठच्या चिखलात उतरलेला होता.