दुसरा फटका

मी एका सहकाऱ्याच्या मनगटावर दोन फटके मारले, ही गोष्ट पोलिसांच्या आधी माझ्याच अक्षरात नोंदली गेली होती. बाजारातले तराजू ज्या प्रमाण वजनांशी ताडून पाहतात, ती आमच्या प्रयोगशाळेत असतात. त्यांना उघडे बोट लावत नाहीत, कारण बोटाच्या तेलालाही वजन असते. नियमापासून काहीही ढळले की त्याच दिवशी विचलन-पत्रक भरायचे, ही तिथली शिस्त. घाईरावांनी (हे नाव त्यांनी वीस वर्षांत स्वकष्टाने कमावले होते) चिमटा शोधण्याचा कंटाळा केला आणि एक किलोचे वजन मुठीत उचलले. मी पत्रकात लिहिले :

‘पहिला फटका वजन सोडवण्यासाठी. वजन सुटून टेबलावरच्या मऊ गादीवर पडले. त्यानंतर घाईराव म्हणाले, “आठवडाभर असंच उचलतोय, काय बिघडलं?” दुसरा फटका या वाक्यानंतर, अंदाजे एका सेकंदाने. त्याची तांत्रिक आवश्यकता नव्हती.’

घाईरावांचे मनगट सुजले. त्यांनी तक्रार केली. पोलीस ठाण्यात माझा जबाब झाला, जातमुचलक्यावर सुटका झाली आणि कोर्टाची तारीख मिळाली.

वकीलबाईंनी पत्रक दोनदा वाचले.

“आवश्यकता नव्हती, हे तुम्हाला कोणी विचारलं होतं?”

“‘कारण’ असा रकाना आहे.”

“रकाना रिकामा सोडता येतो.”

“आमच्याकडे नाही येत.”

त्यांनी चष्मा काढून ठेवला. “ऐका. पहिलाच गुन्हा आहे, शस्त्र नाही, हाड मोडलेलं नाही. तुरुंगाची भीती डोक्यातून काढा. तारखेला पाच मिनिटांचं काम असेल आणि त्यासाठी पाच तास बाकावर बसावं लागेल. आरोप वाचून दाखवतील, कबूल आहे का विचारतील. तुम्ही ‘नाही’ म्हणायचं. त्या शब्दाला शेपूट जोडायचं नाही. मग साक्षीपुरावे, वर्ष-दीड वर्ष. दरम्यान फिर्यादी तडजोडीला तयार झाला तर प्रकरण तिथंच मिटेल. पण त्याला तुम्ही भेटायचं नाही, फोन करायचा नाही. माफीसुद्धा माझ्यामार्फत.”

“आणि कबूल म्हटलं तर?”

“बहुतेक वर्षभर चांगलं वागण्याच्या हमीवर सोडतील. पण दोषी हा शिक्का बसेल.”

शिक्का बसलेल्या माणसाला तपासलेल्या तराजूंच्या प्रमाणपत्रांवर सही करता येत नाही, असा आमचा नियम होता. तेवीस वर्षे ती सही माझी होती. बाबा काय करतात असे शाळेत विचारले की माझी मुलगी सांगायची, सही करतात.

आठ दिवसांनी वकीलबाईंकडून घाईरावांची अट कळली. मी पत्रक मागे घ्यावे, ते तक्रार मागे घेतील.

“घ्या की मग मागे,” बायको म्हणाली.

“त्या आठवड्यात त्या वजनावर सत्तावीस तराजू तपासले गेलेत. पत्रक गेलं की फेरतपासणीही गेली.”

“पण फरक किती पडणार आहे?”

“बहुधा काहीच नाही.”

“मग अडलंय कुठं?”

“‘बहुधा’ मोजून बघावं लागतं.”

“अहो, मी लग्न माणसाशी केलं होतं,” ती म्हणाली आणि माझ्या शर्टाला इस्त्री करू लागली, कारण दुसऱ्या दिवशी तारीख होती.

मी अट नाकारली. कोर्टात बाकावर चार तास चाळीस मिनिटे बसलो. तेवढ्या वेळात ‘नाही’ या शब्दाच्या बाजूने माझ्याकडे एकही पुरावा जमला नाही.

“आरोप कबूल आहे?” न्यायाधीशांनी विचारले.

“दुसरा कबूल आहे.”

“दुसरा काय?”

“फटका. पहिला वजन वाचवण्यासाठी होता.”

न्यायाधीशांनी वकीलबाईंकडे पाहिले. “तुमचे अशील काय म्हणतायत?”

“ते मोजून बोलतात, साहेब,” बाई थकल्या आवाजात म्हणाल्या.

“कायद्याला एकच पुरतो.” न्यायाधीशांनी काहीतरी लिहिले. दोषी, पहिला गुन्हा म्हणून कैद नाही, एक वर्षाची हमी.

बाहेर वकीलबाई म्हणाल्या, “अपील करता येईल.”

“निकालात चूक आहे का?”

“नाही.”

“मग राहू द्या.”

पंधरवड्याने फेरतपासणीचा अहवाल आला. वजन चाळीस मायक्रोग्रॅम जड भरले होते, म्हणजे मर्यादेच्या बरेच आत. सत्तावीसही प्रमाणपत्रे कायम राहिली. घाईरावांना लेखी ताकीद मिळाली. ताकीद मिळालेल्या माणसाला सही करता येते, त्यामुळे माझ्या जागी ज्येष्ठतेनुसार तेच आले.

पहिल्या दिवशी मी तयार केलेले प्रमाणपत्र त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी न वाचता सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी तो परत त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, “आधी वाचा.” मग दोन्ही हात पाठीमागे बांधून, ते शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो, तिथेच उभा राहिलो.